नरवंध्य

(द्वितीय वर्ष, कला)

मराठी हा माझा विशेष विषय. एखादा नवा शब्द कानावर पडला की तो वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवायची मला खोड आहे. त्या पानावर सर्वांत वर जो शब्द आहे तो मात्र मला मराठी विभागात मिळाला नाही. तो मिळाला वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एका बाटलीवरच्या चिठ्ठीवर. ‘ज्वारी, नरवंध्य.’

कला शाखेच्या मुलीचे प्रयोगशाळेत काय काम, असे कोणी विचारील. मी ‘कमवा आणि शिका’ योजनेत आहे. माणदेशातून साताऱ्याला शिकायला आलेल्या, आणि घरातून पैसे मागवण्याची सोय नसलेल्या माझ्यासारख्या मुलींना ही योजना म्हणजे मोठाच आधार. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचे तोंड कोणी पाहिलेले नाही. तर मला काम मिळाले ते या प्रयोगशाळेत काचसामान धुण्याचे. रोज दोन तास. प्रयोगशाळेतले मामा म्हणतात, “तुझ्याकडनं बशी फुटत नाही, भांडी घासायची सवय दिसतीया.” सवय आहेच!

गेल्या वर्षी विज्ञान दिनाला शाळेची मुले प्रदर्शन पाहायला येणार होती, म्हणून मॅडमनी सगळ्या चिठ्ठ्या मराठीत लिहिल्या होत्या. दोन सूक्ष्मदर्शक शेजारी शेजारी मांडले होते. धुणे आटोपल्यावर मॅडम म्हणाल्या, “तूही बघ की.” मी डोळा लावला. पहिल्यात आयोडीनच्या थेंबात काळेभोर, टपोरे, गोल दाणे दिसले, जणू सुपात पसरलेले उडीद. दुसऱ्यात मात्र नुसती टरफले. पिचकलेली, रंग न धरलेली. दोन्ही ज्वारीचेच पराग. आयोडीनने काळे पडते ते आतले पिठूळ अन्न, आणि दुसऱ्या काचेवरच्या दाण्यांत ते नव्हतेच.

“मॅडम, ही ज्वारी वांझ आहे का?” मी विचारले.

“वांझ नाही, नरवंध्य,” त्या म्हणाल्या. “पराग तेवढा निकामी आहे. स्त्रीकेसर अगदी धडधाकट आहे. शेजारच्या चांगल्या ताटाचा पराग येऊन पडला, की हेच कणीस दाण्यांनी भरून जाते.”

मी शब्द टिपून घेतला. खोलीवर आल्यावरही तो डोक्यातून जाईना.

त्याचे कारण माझी आत्या. आमच्या गावात ‘वांझ’ हा शब्द बाईला लावतात, गाईम्हशीला लावतात, कधीमधी न फळणाऱ्या झाडालाही लावतात. पुरुषाला लावलेला मी एकदाही ऐकलेला नाही. पुरुषासाठी आमच्या बोलीत तसा शब्दच नाही. जे आहेत ते शिवीचे आहेत आणि त्यांचा अर्थ वेगळा आहे. वर्तमानपत्रातली चर्चासुद्धा ‘वांझोटी’ असते, म्हणजे चर्चा निष्फळ ठरली तरी तिला बाईचेच विशेषण! मराठी ही माझी आवडती भाषा, पण या बाबतीत तिने फार एकतर्फी निकाल देऊन ठेवला आहे असे मला वाटते.

आत्याचे लग्न झाले तेव्हा ती माझ्या आजच्या वयाची, एकोणीस वर्षांची होती. सासर सांगलीच्या अलीकडे, कृष्णाकाठी. काळी रानं, ऊस आणि हळद. आमच्या कुसळाच्या माळावरून तिकडे पोरगी द्यायची म्हणजे नशीबच उघडले असे सगळ्यांना वाटले. सात वर्षे ती तिथे नांदली. या सात वर्षांत तिला तीन दवाखाने दाखवले, दोन देवऋषी झाले, सोमवार झाले, गुरुवार झाले. नवऱ्याला एकदाही कुठे नेले नाही. शेवटी एका दिवाळीला ती माहेरी आली ती परत न्यायला कोणी आलेच नाही. पुढच्या वर्षी तिथे दुसरी आणली. तिलाही आता अकरा वर्षे झाली. तिथेही पाळणा हललेला नाही. यावर गावाचे म्हणणे काय, तर घराण्याला पहिलीचा तळतळाट लागला! म्हणजे दुसरीचे मूलही आत्यानेच अडवले.

असो. परागाकडे वळते.

नंतर मी मॅडमच्या मागे लागून ते सारे समजावून घेतले. शाळेत आपण शिकतो, की फुलात परागकोश असतो आणि त्यात पराग तयार होतात. पण तयार होतात म्हणजे काय होते? परागकोशात सुरुवातीला काही मातृपेशी असतात. होय, नराच्या भागातल्या पेशींनाही शास्त्रात मातृपेशीच म्हणतात. अशा एका पेशीच्या विभागणीतून चार कोवळ्या पेशी होतात. या चौघींभोवती कॅलोज नावाच्या पदार्थाचे एक जाड आवरण असते, बाळाला दुपट्यात गुंडाळावे तसे. त्यांच्या सभोवार असतो एक पोषक थर, त्याचे नाव टॅपीटम. हा थर योग्य वेळी एक पाचक रस सोडतो, दुपटे विरघळते आणि चारी पेशी मोकळ्या होतात. मग त्यांच्या अंगावर बाहेरची भिंत चढू लागते.

ही भिंत म्हणजे खरोखर नवल आहे. तिच्यातला मुख्य पदार्थ स्पोरोपोलेनिन. आमच्या प्रयोगशाळेत परागाचा अभ्यास करताना तो तीव्र आम्लांच्या मिश्रणात तापवतात. आतले सगळे विरघळून जाते आणि भिंत तेवढी जशीच्या तशी उरते. त्या नळ्या मीच धुते, म्हणून मला ठाऊक. ही भिंत लाखो करोडो वर्षे खडकात टिकते आणि तिच्यावरची नक्षी पाहून तज्ज्ञ सांगतात की इथे एके काळी अमुक वनस्पती होत्या. जास्वंदीच्या परागावर काटे असतात. ज्वारीचा पराग बहुतेक गवतांसारखा गुळगुळीत गोल, त्याला एकच छिद्र आणि त्यावर झाकण. आमच्या कवितांत पराग नेहमी कोमल असतो, वाऱ्यावर उधळतो, फुलपाखराच्या पायाला चिकटतो. त्याच्या अंगावरचे चिलखत कोणा कवीला दिसले नसावे.

मला सर्वांत आवडले ते पुढचे. या बाहेरच्या भिंतीचा बराचसा माल परागाच्या स्वतःच्या घरचा नसतो. तो येतो टॅपीटमकडून. आतली पातळ भिंत परागपेशी स्वतः विणते, पण बाहेरचे चिलखत पोषक थराने पुरवलेल्या सामग्रीतून उभे राहते. आणि भिंत पुरी होता होता तो थर स्वतः मरून जातो. त्याचे मरणही ठरलेले असते. ते लवकर झाले तरी पराग बिघडतात, उशिरा झाले तरी बिघडतात. हे ऐकताना मला उगाचच आत्या आठवली. आई रोजगारावर जायची तेव्हा मला न्हाऊमाखू घालून, वेणी घालून शाळेत पोचवायची ती आत्या. माझी फी तिने दोन वेळा स्वतःच्या शेळ्या विकून भरली आहे.

हे सारे वेळापत्रक जनुकांच्या हाती असते. मोहरीच्या कुळात अरॅबिडॉप्सिस नावाचे एक चिमुकले रोप आहे, जगभरचे शास्त्रज्ञ त्याच्यावर प्रयोग करतात. त्याच्या एका जनुकाचे नावच ‘नरवंध्य-२’ अशा अर्थाचे आहे. तो टॅपीटममध्ये काम करतो आणि भिंतीसाठी लागणारा स्निग्ध माल तयार करवतो. तो बिघडला की बाहेरची भिंत नीट चढत नाही आणि पराग कोसळतात. १९९२ साली तंबाखूवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात कॅलोजचे दुपटे वेळेआधी विरघळेल अशी व्यवस्था केली. बाकी काही बिघडवले नाही, फक्त वेळ चुकवली. तेवढ्याने भिंत बिघडली आणि झाड नरवंध्य झाले. म्हणजे पराग धरण्याच्या वाटेवर एवढी नाकी आहेत, की कुठल्याही एका ठिकाणी अडले तरी सगळे थांबते. आणि कुठे अडले हे बाहेरून दिसत नाही. ताट हिरवेगार असते, कणीस भरदार निसवलेले असते. बघणाऱ्याने काय ओळखावे?

आता ज्वारीची हकिकत. १९५४ साली अमेरिकेत टेक्सास राज्यात स्टीफन्स आणि हॉलंड या दोघांनी दाखवून दिले, की ‘मिलो’ जातीच्या ज्वारीवर ‘काफिर’ जातीच्या ज्वारीचा पराग टाकून पुढे पिढ्यानपिढ्या काफिरशीच संकर करत गेले, तर नरवंध्य ज्वारी मिळते. दोन्ही जाती मूळच्या आफ्रिकेच्या. या शोधामुळे संकरित ज्वारीचे बी मोठ्या प्रमाणावर काढता येऊ लागले. ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. हाताने एकेका फुलातला नर काढत बसले तर बियाणे सोन्याच्या भावाने विकावे लागेल. मादीच्या ओळीच नरवंध्य असल्या म्हणजे प्रश्न मिटला. शेजारी चांगल्या पराग देणाऱ्या ओळी लावायच्या, बाकीचे वारा करतो. भारतातली पहिली संकरित ज्वारी, सी. एस. एच.-१, १९६४ साली आली. तिची मादी होती कॉम्बाइन काफिर ६० ही नरवंध्य ज्वारी.

आजोबांना मी ‘मिलो’ हे नाव सांगितले तर ते एकदम म्हणाले, “ती बहात्तरच्या दुष्काळातली तांबडी मिलो?” १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळायची, ती खाऊन त्यांनी खडी फोडली आहे. तिची भाकरी कशी लागायची याचे त्यांनी केलेले वर्णन इथे छापण्याजोगे नाही. पण आपण ज्या हायब्रीडला नावे ठेवत होतो तिच्या पोटातही मिलोच होती हे ऐकून ते बराच वेळ हसत होते. हायब्रीडचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागे याचाही त्यांना तेव्हा राग असे. घरचे पुन्हा पेरले तर ताटे खालीवर व्हायची. आता आमच्या रानात रब्बीला मालदांडीच असते.

या हकिकतीत दोष कोणाचा, हा प्रश्न मी मॅडमना विचारला तेव्हा त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, “विज्ञानात दोष नसतो गं, कारण असते.” कारण असे. पेशीत एक असते केंद्रक, त्यात आईबाप दोघांकडून आलेली जनुके. भोवती असतो पेशीद्रव, त्यात मायटोकाँड्रिया नावाचे कण. त्या कणांतही थोडी जनुके असतात आणि ती ज्वारीत आईकडूनच येतात. मिलोचा पेशीद्रव मिलोच्या केंद्रकाबरोबर सुखाने नांदतो, पराग धरतो. काफिरचे केंद्रक काफिरच्या पेशीद्रवात सुखाने नांदते, तेही पराग धरते. मिलोच्या पेशीद्रवात काफिरचे केंद्रक आणून बसवले की मात्र पराग धरत नाही. मिलो आपल्या घरी निर्दोष, काफिर आपल्या घरी निर्दोष. आपल्या मालदांडीच्या पेशीद्रवातही असाच गुण आहे. स्वतः ती उत्तम पिकते, पण काही परक्या केंद्रकांशी तिचे जमत नाही. आणि यावर उताराही आहे. काही जातींच्या केंद्रकात असा जनुक असतो, की त्याच्या येण्याने पराग पुन्हा धरू लागतो. संकरासाठी नर निवडताना तो असलेलाच निवडतात, नाहीतर शेतकऱ्याच्या रानातली कणसे रिकामी राहतील.

पिकाचा न्याय माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मला कळते. माणसाच्या शरीराची कारणे वेगळी. पण एक गोष्ट मी प्राणिशास्त्राच्या मॅडमना मुद्दाम विचारून घेतली. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीने. आणि पुरुषाची पहिली तपासणी बाईच्या तपासण्यांहून पुष्कळ सोपी असते. निम्मे! आमच्या गावात शंभर वर्षे जरी शोधले तरी असा एकही पुरुष सापडणार नाही.

गेल्या वैशाखात ताईचे लग्न झाले. हळद सांगलीची. सांगली हे हळदीचे केवढे मोठे पेठेचे गाव! शेजारच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवे होती. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ गेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. आत्याने सात वर्षे हळद लावली, काढली, शिजवली, तेव्हा हळकुंड मोडून त्याचा आवाज ऐकून ती प्रत सांगते. म्हणून हळद निवडून आणायला तिलाच पाठवले होते. पण दळायची वेळ आली तेव्हा जात्याला हात लावायला पाच लेकुरवाळ्या सवाष्णी बोलावल्या आणि एका वडीलधाऱ्या बाईने तिला सर्वांसमोर सांगितले, “तू जरा सैपाकाकडं बघ.” ती उठली आणि गेली. मी पाहत होते.

त्यानंतर कॉलेज सुरू झाल्यावर मी मॅडमना सहज विचारले, हळदीला बी कसे येते? त्या म्हणाल्या, “येत नाही. निदान सहसा येत नाही.” हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात, एकूण ६३. पराग धरताना त्यांची जोडी लावायची तर तिसऱ्याचे काय करायचे? म्हणून बहुतेक पराग निकामी होतात. हळद फुलते, सुंदर फुलते, पण फळत नाही. शेतकरी तिचे गड्डे लावतो आणि ती गड्ड्यातून गड्डा अशी वाढत राहते. जी नवरीच्या अंगाला लावल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही, जिचा करंडा लेकुरवाळीच्या हातात शोभतो म्हणतात, ती हळदच अशी! मला त्या रात्री हसू आले आणि रागही आला. बरे, बी नसले म्हणजे सगळीकडे कमीपणा असतो असेही नाही. तासगावच्या द्राक्षांना बी नाही म्हणून तर लोक ती आवडीने घेतात.

संक्रांतीला गावी गेले तेव्हा मालदांडी फुलोऱ्यात होती. मॅडमची परवानगी घेऊन मी एक भिंग बरोबर नेले होते. सकाळी दव होते तेव्हाच आत्याला घेऊन रानात गेले. काळी छत्री उलटी धरून कणीस हलवले. छत्रीवर पिवळी धूळ पडली. भिंगातून ती तिला दाखवली आणि मला समजले होते ते सारे तिच्या भाषेत सांगितले. मिलो, काफिर, दुपटे, भिंत, नरवंध्य. ती बांधावर बसून ऐकत होती. तिला मध्येच विचारावेसे वाटले ते एवढेच.

“मग त्या वाणाला टाकून देत्यात का?”

“नाही आत्या, उलट जपतात. त्याच्यावाचून हायब्रीड होत नाही.”

“आन् पराग निकामी हाय ह्ये कळलं कसं?”

“सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं म्हणून.”

ती काही बोलली नाही. भिंग माझ्या हातात परत दिले आणि भांगलायला लागली. मला वाटले, मी नको ते बोलले की काय, जुनी जखम उकरली की काय. पण दोन पातींनंतर ती थांबली आणि म्हणाली, “पुरुषाची ती तपासणी म्हनालीस, तिचं नाव काय?”

मी सांगितले.

“कागदावर लिहून दे. किती पैसं पडत्यात आन् कुठं करत्यात तेबी.”

मला आधी वाटले, इतक्या वर्षांनी तिला स्वतःची सुटका करून घ्यायची आहे, चारचौघांत कागद दाखवायचा आहे. मी तसे म्हणाले तर तिने मान हलवली. “माझं काय, माझं झालं. त्या पोरीला आता म्हायेरी धाडायचं चाललंय. तिसरी बघत्यात.”

हे मला ठाऊक नव्हते. आमच्यापैकी कोणालाच नव्हते. दुसरी तिला कधीमधी फोन करते, हेही मला त्या दिवशी कळले.

रात्री मी वहीचे एक पान फाडून, मोठ्या स्वच्छ अक्षरात लिहून दिले. तपासणीचे नाव लिहिले, सरकारी दवाखान्यात आधी चौकशी करावी असे लिहिले, आणि खाली लिहिले की ही तपासणी नवरा-बायको दोघांचीही व्हावी. आत्या चौथी शिकली आहे. तिने ते दोनदा वाचून घेतले, घडी घातली आणि बटव्यात ठेवले. मी पुन्हा साताऱ्याला निघाले त्याच दिवशी तीही निघाली. दहिवडीच्या स्टँडवर आम्ही दोघी बरोबर होतो. माझी गाडी आधी लागली. तिच्या पिशवीत हुरड्याची चार कणसे होती.

“सासरच्या गावाला जाणार?” मी विचारले. “लोक काय म्हणतील? सवतीकडं आली म्हणतील.”

“म्हनू देत,” ती म्हणाली. “माझी काय सवत न्हाई ती.”